कानानं गेलेला माणूस

आमच्या घरमालकांना मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं.

उपकेंद्रावर नर्स म्हणून रुजू व्हायला मी त्या गावात उतरले, तेव्हा दिवस मावळत होता. माझी ट्रंक डोक्यावर घेतलेला माणूस पुढे आणि मी मागे, असे आम्ही ढिवरांच्या, म्हणजे मासेमाऱ्यांच्या, वस्तीत शिरलो. तेवढ्यात नदीकडून आवाज आला. कोणीतरी माणसांची नावं घेत होतं, एकेक, लांबवून. "सोमाऽऽजी!" मग जरा थांबणं. मग पाण्यावरून कुठून तरी बारीक "आलोऽऽ". मग पुढचं नाव. मला वाटलं, काहीतरी विपरीत झालंय. ट्रंकवाला मात्र शांत होता. म्हणाला, "काही नाही जी. तुमचेच घरमालक होत. हजेरी घेऊन राहिले."

मी त्यांना बाबाजी म्हणायची. सगळं गावच म्हणायचं. उंच, हाडकुळे, डोक्यावर पांढरे केस कसेही उभे. घाटावर ते कधी चप्पल घालून गेले नाहीत आणि घाटाशिवाय दुसरीकडे कुठे फारसे गेलेच नाहीत. स्वतः जाळं टाकणं त्यांनी गुडघे दुखायला लागल्यावर सोडलं होतं. पण सकाळी कोण कोण डोंगा घेऊन पाण्यावर गेलं हे ते ओट्यावर बसून पाहत आणि दिवस बुडताना घाटाच्या शेवटच्या दगडावर उभं राहून प्रत्येकाला हाक मारत. ज्याला हाक मारली त्यानं स्वतःच्या तोंडानं ओ द्यायची. "तो आला जी, मागून येऊन राहिला," असं दुसऱ्यानं सांगितलेलं चालत नसे. सगळ्यांची ओ आल्याशिवाय ते घाट सोडत नसत आणि घाट सोडल्याशिवाय जेवत नसत.

एखाद्याची ओ आलीच नाही, तर दोन जवान पोरांनी डोंगा घेऊन शोधायला निघायचं, हा वस्तीचा जुना नियम होता. रोजची पाळी ठरलेली असे. बहुतेक वेळा हरवलेला माणूस पलीकडच्या काठावर बहिणीच्या घरी जेवत बसलेला सापडायचा. मग पोरं शिव्या देत परतायची, आणि बाबाजी त्या शिव्या ऐकून समाधानानं मान हलवायचे. "शिव्या देऊन राहिले म्हणजे सापडला," म्हणायचे.

त्यांची ही हजेरी पाण्यावर जाणाऱ्या कोणालाच चुकली नव्हती. एकदा तलाठीसाहेब बुडिताच्या जमिनी पाहायला डोंग्यानं पलीकडे गेले होते. परत येताना घाटावरून त्यांच्या नावाची हाक आली. साहेब ऐकून न ऐकल्यासारखं करत उतरले. बाबाजी त्यांच्यासमोर उभे राहिले आणि एका हाताच्या अंतरावरून पुन्हा तितक्याच जोरात ओरडले. साहेब म्हणाले, "मी काय शाळेत आहे का?" बाबाजी वाटेतून हलेनात. शेवटी साहेबांनी चिडून "आलो बाबा, आलो!" म्हटलं, तेव्हा रस्ता मोकळा झाला. आसपासच्या गावांना लसीकरणाला गेले की मलाही ते सोडत नसत. "नर्सबाऽई" अशी हाक पूर्ण वस्तीवरून यायची आणि मला अंगणात उभं राहून ओरडावं लागायचं. सुरुवातीला लाज वाटायची. माझं माहेर नाकाडोंगरीकडचं, वडील शिक्षक. ओरडून बोलणं आमच्या घरात बसतच नव्हतं. पुढे पुढे मात्र असं झालं की कधी सुट्टीवर घरी गेले, की संध्याकाळी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटे.

खोली देताना त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. ट्रंक उघडल्यावर बुद्धाची छोटी मूर्ती निघाली, ती मी हातात धरून जागा शोधत होते. काही ठिकाणी मूर्ती निघाली की पुढचे प्रश्न सुरू व्हायचे, याची मला सवय होती. बाबाजी दारातून पाहत होते. आत आले, भिंतीतल्या फळीवरचे डबे खाली घेतले, फळी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसली आणि म्हणाले, "वर ठेव. खाली उंदरं भल्ले हायेत." एवढंच.

हजेरीचं हे वेड कुठून लागलं, ते कळलं नाही. कोणी म्हणे, त्यांचा भाऊ लहानपणी गेला. कोणी म्हणे, तसलं काही नाही, म्हातारा मुळातच चक्रम. मी एकदा त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "गेलेला माणूस अन् आलेला माणूस, यांच्या मधात एक ओ असते बाई. तेवढीच आपल्या हातची." आणि बिडी शिलगावली.

तेव्हा भंडारा जिल्हा फुटून काही वर्षं झाली होती. म्हातारी माणसं अजूनही गोंदिया आपल्याच जिल्ह्यात असल्यासारखं बोलायची. गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी मागे मागे सरत आमच्या गावापर्यंत यायला लागलं होतं. वाहती नदी थांबून फुगली. काठची वावरं बुडाली आणि वावरांतली झाडं पाण्यातच उभी राहून वाळली. बाबाजी ती झाडं मालकाच्या नावानं ओळखायचे. "तो बुधाजीचा आंबा. ते पाटलाचे मोह." काही झाडं पाण्याच्या वर दिसायची, काही जेमतेम खाली दडलेली. जाळी त्यात अडकून फाटायची. डोंगे घासायचे. बाबाजी त्या वर्षांत हाक मारायला लवकर जाऊन उभे राहायला लागले.

ते झालं ते शंकरपटाच्या दिवसांत. शेजारच्या गावात बैलांच्या शर्यती होत्या आणि रात्री नाटक. आमच्याकडे पटाचं नाटक म्हणजे सण. दुपारपासूनच लाऊडस्पीकर वाजत होता, त्याचा आवाज पाण्यावरून थेट घाटावर यायचा. थंडी कडाक्याची होती. त्या दिवशी शोधाच्या पाळीत रोशन होता. रोशन म्हणजे विशीतला पोरगा, बापाविना वाढलेला, हसरा, नकला करण्यात पटाईत. तलाठीसाहेबांची "आलो बाबा, आलो" ही नक्कल तो अशी करायचा, की बाबाजीही तोंड फिरवून हसायचे.

मी उपकेंद्र बंद करून येत होते. घाटावरून हाका ऐकू येत होत्या. शेवटी "केवळराऽऽम!" अशी हाक आली. ओ आली नाही. पुन्हा हाक. पुन्हा काही नाही. मी अंगणात पोचून पाय धूत होते तेव्हा तिसरी हाक आली, आणि तिच्या मागे, स्पीकरच्या गाण्यात मिसळून, "आलोऽऽ".

बाबाजी घरी आले. जेवायला बसले. नीट जेवले नाहीत, असं मावशी नंतर म्हणाल्या. मावशी म्हणजे त्यांची बायको.

केवळरामची बायको वनिता त्या संध्याकाळी बाबाजींना घाटावरून परतताना पाहून निश्चिंत झाली होती. बाबाजी घरी गेले म्हणजे सगळे आले. नवरा परस्पर नाटकाला गेला असेल, असं तिनं धरलं. पोरांना जेवू घातलं आणि झोपली. सकाळी नाटकाहून माणसं परतली, त्यांत केवळराम नव्हता.

तो सापडला पाण्यातल्या झाडांत. डोंगा बुडालेल्या फांदीवर फाटून उलटला होता. मला तिथे नेलं होतं, म्हणून मी पाहिलं. त्यानं स्वतःला दुपट्ट्यानं झाडाच्या खोडाला बांधून घेतलं होतं, हात सुटले तरी बुडू नये म्हणून. डोकं पाण्याच्या वर होतं. तो बुडाला नव्हता. थंडीनं गेला होता, आणि बऱ्याच वेळानं गेला होता. हे कोणी वनिताला सांगायची गरज पडली नाही. दुपट्टा कापून प्रेत काठावर आणलं तेव्हा गाठ तशीच होती, ओली, घट्ट आवळलेली. तिनं ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि मग विचारलं,

"काल ओ कोणं देल्ली?"

घाटावरची माणसं बाबाजींकडे पाहायला लागली.

"बाबाजी घरी गेले म्हणजे ओ आली होती. कोणं देल्ली?"

केवळरामचा धाकटा भाऊ पुढे आला. अंगानं दांडगा, तापट माणूस. मारामारीत एकदा जेल पाहून आलेला. त्यानं डोंग्यातलं वल्हं उचललं होतं. "बाबाजी, तुमी आवाज ओळखता," तो म्हणाला. "गावातल्या लेकराचाबी ओळखता. सांगा कोण होता तो. फक्त नाव घ्या."

मी बाबाजींच्या बाजूलाच उभी होते. समोर माणसांच्या कडेला रोशन होता. तो पाऊल पाऊल मागे सरत होता, नजर वल्ह्यावर. बाबाजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते पाण्याकडे पाहत होते. मग म्हणाले,

"ओ आली नोहोती."

"मंग तुमी घरी कसे गेले?"

"मले वाटलं, आली. पोंगा वाजून राहिला होता. मले आता बरोबर आयकू येत नाही, बापू. काही महिने झाले. लाज वाटे म्हणून कोणाले सांगतलं नाही. मी कानानं गेलो."

भाऊ वल्हं धरून तसाच उभा राहिला. म्हाताऱ्या माणसावर ते उचलणं त्याला जमेना. त्यानं ते जमिनीवर आपटलं, मधोमध मोडलं. वनिता मात्र थांबली नाही. तिनं खाली वाकून काठचा ओला चिखल मुठीत घेतला आणि बाबाजींच्या तोंडावर फेकला. "आयकू येत नोहोतं तर हाका कायले मारे?" ती ओरडली. "आमी तुह्या भरवशावर झोपलो ना रे, बह्यऱ्या!"

बाबाजींनी चिखल पुसला नाही. तसेच घरी आले.

त्या दिवसापासून ते बहिरे झाले. हजेरी बंद पडली. बहिऱ्याच्या हाकेला काय अर्थ? वस्तीतली माणसं त्यांच्याशी ओरडून बोलायला लागली. मग ओरडायचा कंटाळा येऊन बोलायचीच कमी झाली. पोरं त्यांच्या मागे उभी राहून वाट्टेल ते बोलायची आणि खिदळायची. वनितानं मच्छीची पाटी डोक्यावर घेतली. बाजाराला जाताना आमच्या दारावरूनच वाट होती. ती रोज थांबायची आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात दोन शब्द बोलून पुढे जायची. ते शब्द मी लिहीत नाही. बाबाजी कानामागे हात धरून ऐकायचे, मान हलवायचे, आणि ती गेली की जाळ्याला लागायचे. फाटकी जाळी सांधणं एवढंच काम त्यांना उरलं होतं.

नर्स म्हणून मी सुचवलं, की भंडाऱ्याला नेऊन कान तपासू. मशीन मिळतं कानाचं. ते म्हणाले, "आता काय आयकाचं राहिलं?" मी विषय सोडला. ते बहिरे झालेत हे मलाही खरंच वाटत होतं.

मला कळलं ते पावसाळा संपताना. दुपारची वेळ, गल्लीत कोणी नाही. मी ओसरीवर एका बाळाला लस टोचत होते. बाबाजी अंगणाच्या टोकाला माझ्याकडे पाठ करून बसले होते. बाळ आधी रडलं आणि मग रडता रडता त्याचा श्वास अडकला, आवाज एकदम बंद झाला. मी काही करायच्या आत बाबाजी पाठमोरेच म्हणाले, "बाई, पोरगं गप काहून झालं?"

बाळानं पुन्हा सूर काढला. बाळाची आई त्याला छातीशी धरण्यात गुंतली होती, तिचं लक्ष नव्हतं. बाबाजींनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी भीती पाहिली नव्हती, ती पाहिली. मी सिरिंज खाली ठेवली आणि इतरांसारखंच ओरडून विचारलं, "बाबाजी, पाणी पाह्यजे काय?" त्यांनी हळूच मान हलवली.

मग मी पाहायला लागले. संध्याकाळी डोंगे परतायची वेळ झाली, की ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसत. घाटाकडून माणसांचं बोलणं येई, हसणं, खोकणं, डोंगा काठाला घासल्याचा आवाज. प्रत्येक आवाजाला त्यांचे ओठ हलत. शेवटचा माणूस आल्याशिवाय ते मावशींना ताट मागत नसत, आणि मावशीही त्याआधी वाढत नसत.

मावशींनी एकदा झिंगे निसता निसता आपणच विषय काढला. "तुले समजलं हाय, मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "कोणापाशी बोलशीन नोको."

"पण मावशी, नुसते शिव्याशाप का खाऊन घ्यायचे?"

"नाव घेतलं असतं तर त्या दिवशी अजून एक मेला असता. अन् केवळ्याचा भाऊ फासावर. दोन घरं अजून उठली असती." त्यांनी झिंगे पाण्यात टाकले. "अन् दुसरं एक हाय. बुढा म्हणे, आवाज मले पोकळ लागला होता. मी थांबाले पाह्यजे होतं. पन थंडी होती, म्या मनाले म्हटलं, असन. आता त्याले वाटते, चिखल काही चुकीच्या माणसावर पडला नाही."

रोशननं पाण्यावर जाणं सोडलं. नकला सुटल्या. सकाळी तो वनिताच्या दारात जाऊन पाटी उचलायचा, बाजारात पोचवायचा, तिच्या पोरांना शाळेत सोडायचा, पावसाआधी छपरावरची कवेलू फेरायचा. बदल्यात काही घ्यायचा नाही. गावाला कौतुक वाटायचं. वनिताला माहेरी भाऊ नव्हता. काही वर्षं अशी गेल्यावर एका भाऊबिजेला तिनं पाट मांडला आणि रोशनला ओवाळायला बोलावलं.

पुढचं मला तिनंच सांगितलं. ती त्याच दुपारी उपकेंद्रात आली, सणाचं लुगडं नेसलेली, कपाळावरचा घाम पुसत. मी तिला बसवलं.

"तो पाटावर बसला बाई. म्या कुंकू लावाले हात समोर नेला, अन् तो उठून उभा राहिला. म्हणे, ताई, मले ओवाळू नोको. म्या देल्ली ओ. मले नाटकाले जाचं होतं." ती माझ्याकडे पाहत होती. "म्हणे, बाबाजीले पह्यल्या दिवसापासून माहीत हाय. मंग म्या विचारलं, त्याले आयकू येते? तर म्हणे, आपल्यापेक्षा चांगलं." तिचा आवाज खाली आला. "तुमाले माहीत होतं?"

"ऐकू येतं एवढं माहीत होतं," मी म्हणाले. "बाकीचं कळलं ते मावशींकडून."

"तो आता घरात बसला हाय. म्हणे, तुह्या दिराले जाऊन सांगतो, मले मारू दे. म्या दाराले कडी लावून आली." ती उठली. ती तांब्यातलं पाणी प्यायली आणि निघाली. मी तिच्या मागोमाग गेले. मला वाटलं, ती काय करेल याचा नेम नाही.

बाबाजी अंगणात जाळं पसरून बसले होते, पाठ दाराकडे. समोरच्याच घरात केवळरामचा भाऊ राहायचा. त्याचं दार उघडं होतं. वनिता बाबाजींच्या मागे जाऊन उभी राहिली आणि समोरच्या घरात जाणार नाही अशा हलक्या आवाजात बोलली.

"बाबाजी. रोशननं सांगतलं मले."

सुई थांबली नाही.

"म्या तुमच्या तोंडावर चिखल फेकला. रोज दारावरून शिव्या देल्ल्या. तुमी आयकत होते. समदं आयकत होते."

सुई चालू होती, पण दोरा एकाच फाशातून पुन्हा पुन्हा जात होता.

"एकदा तरी वळून पाह्याचं होतं जी," ती म्हणाली.

तेवढ्यात समोरच्या दारात केवळरामचा भाऊ आला. सणाचं जेवून पान खात होता. वहिनीला बाबाजींच्या अंगणात उभी पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काय झालं वो वयनी?" त्यानं रस्त्यापलीकडून विचारलं. "काय म्हणते तो बह्यरा?"

वनितानं त्याच्याकडे पाहिलं. मग बाबाजींच्या पाठीकडे. लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं, खाली वाकली आणि त्यांच्या कानाशी, सगळी गल्ली ओरडायची तशी ओरडली,

"बाबाजीऽ! च्या मांडू काय म्हणते मीऽ!"

बाबाजी वळले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांनी कानामागे हात नेला.

"आँ?"

"च्याऽऽ!"

"मांड," बाबाजी म्हणाले. "साखर कमी टाक."

भाऊ हसला, पान थुंकला आणि आत गेला. वनिता आमच्या घरात शिरली. मावशींनी तिला चुलीपुढे जागा करून दिली. अंगणात बाबाजींनी जाळं मांडीवर ओढून घेतलं आणि चुकलेले फासे सोडवायला लागले.